वाटमाऱ्याच्या अंगावर काचेचं चिलखत

रात्रीचे साडेबारा. खोलीतली बाकीची माणसं झोपलीत म्हणून कॉम्प्युटरचा आवाज बंद. आमचा दोस्त 'ऑब्लिव्हियन' खेळतोय. पंचविसावी लेव्हल. दोन महिने रोज रात्री तास-दीड तास घासून कमावलेली. घोड्यावर बसून सायरोडीलच्या सडकेनं निघालाय. झुडपातून एक वाटमाऱ्या पुढं येतो. खाजीत, म्हणजे मांजराच्या तोंडाचा माणूस. म्हणतो, शंभर नाणी टाक नाहीतर जीव दे.

आता या वाटमाऱ्याच्या अंगाकडं बघा. डोक्यापासून पायापर्यंत काचेचं चिलखत. त्या जगात ही काच म्हणजे हलक्या चिलखतांतली सगळ्यात महागाची चीज. अख्खा संच विकला तर हजारो नाणी हातात येतील. अरे बाबा, ते विक, घर घे, दुकान टाक! शंभर नाण्यांसाठी रस्त्यावर उन्हात कशाला मरतोस?

ही गोष्ट ऑब्लिव्हियन खेळणाऱ्या जगातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे, आणि प्रत्येक जण हसलाय. आम्ही पण हसलो. पण हसून झाल्यावर एक सवाल राहतोच. आमचा दोस्त पाचव्या-सहाव्या लेव्हलला होता तेव्हा याच सडकेवरचे चोर फाटकं कातडं पांघरून यायचे. तेव्हा त्यांना पाडायला जेवढे घाव लागायचे तेवढेच आज लागतात. कधी जास्तच. मग हा चढला म्हणजे नेमका कुठं चढला? पहिले पाढे पंचावन्न. वीस लेव्हल चढून माणूस जिथं होता तिथंच, आणि चोर मात्र काच घालून.

याला तिकडं लेव्हल स्केलिंग म्हणतात. तुमचा आकडा वाढला की जगाचा आकडा आपोआप वाढतो. लांडग्यांच्या जागी मिनोटॉर येतात, डाकू चामड्यातून काचेत जातात, जडवाले मरॉडर लोखंडातून डेड्रिक चिलखतात. शहरातले पहारेकरीसुद्धा तुमच्या मागोमाग वाढतात. गॉब्लिन वॉरलॉर्ड नावाचा एक प्राणी आहे, त्याचं रक्त तर तुमच्या लेव्हलबरोबर वाढतच राहतं. पुढं पुढं त्याच्यावर तलवार मारणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. क्वाच नावाचं शहर जळत असतं, कथेनं तुम्हाला तिकडं धाडलेलं असतं. लवकर गेलात तर दारात पोरासोरांएवढे स्कॅम्प. उशिरा, अंगात जोर कमावून गेलात, तर त्याच दारात डेड्रॉथ. म्हणून जुने खेळाडू नव्याला पहिला सल्ला काय देतात? क्वाच लवकर उरक. ताकद यायच्या आत उरक.

बनवणाऱ्यांच्या बाजूनंही दोन शब्द बोलायला पाहिजेत. खेळ अमेरिकेतल्या मेरिलँडच्या बेथेस्डा कंपनीचा, मार्च २००६ चा. त्यांना एवढा मोठा मुलूख पहिल्या दिवसापासून मोकळा ठेवायचा होता. गटारातून बाहेर पडलात की कुठल्याही दिशेनं चाला, कुठलीही गुहा उघडा, कोणी अडवणार नाही. कुठंही जाता यावं तर कुठंही जगता आलं पाहिजे, म्हणून त्यांनी जग तुमच्या मापाला बांधलं. इरादा वाईट नव्हता. पण 'कुठंही जा' याची किंमत 'कुठंही गेलास तरी तेच' अशी निघाली. स्वातंत्र्य दिलं आणि त्यातून काही मिळवायची सोय काढून घेतली.

याच्या उलट जर्मनीचा 'गॉथिक' बघा, २००१ चा. तिथं तुम्ही कैद्यांच्या वसाहतीत फेकलेले. जग कोणासाठी वाढत नाही, कोणासाठी झुकत नाही. सुरुवातीला एक बिनपंखी पक्षी तुम्हाला चोची मारून मारून मारतो. लाज वाटते, च्यायला, कोंबडीनं मारलं! पण दहा दिवसांनी त्याच वाटेनं जाता, तोच पक्षी असतो, आणि एका घावात आडवा होतो. त्या घावात जो आनंद आहे तो ऑब्लिव्हियनच्या पंचवीस लेव्हलमध्ये नाही. मेहनतीचा पुरावा जागेवर पडलेला असतो.

ऑब्लिव्हियनमध्ये मेहनतीला शिक्षा कशी होते ते जरा खोलात सांगतो, कारण आमच्यातली निम्मी पोरं इथंच फसली. सुरुवातीला सात मेजर स्किलं निवडायची. त्यांत मिळून दहा वाढी झाल्या की बिछाना गाठून झोपायचं. उठलात की लेव्हल वाढली. आता एखाद्यानं हौसेनं बोलण्याचं, सौदेबाजीचं, धावण्याचं, उड्या मारण्याचं स्किल मेजर म्हणून घेतलं. पोरगं दिवसभर उड्या मारत फिरतं. उड्या वाढल्या, धावणं वाढलं, लोकांशी गोड बोलणं वाढलं, आणि बघता बघता बारावी लेव्हल. तलवार जिथल्या तिथं. जगाला फक्त बारा हा आकडा दिसतो. ते बाराच्या मापाचे राक्षस पाठवून देतं. उड्या मारणारा मेला.

आणि तलवार वाढवली तरी सुटका नाही. दर लेव्हलला तीन गुणांना बढती मिळते, ताकद, चपळाई, दम वगैरे. पण किती, ते त्या दहा वाढींच्या काळात त्या गुणाखालची स्किलं किती वेळा वाढली त्यावर. दहा वेळा वाढली तर पाच. पाच ते सात वेळा तर तीन. एकदाही नाही तर एकच. शिवाय दर लेव्हलला अंगात जे जादा रक्त भरतं ते त्या वेळच्या दमाच्या दहाव्या हिश्श्याएवढं. दम उशिरा वाढवलात तर मधल्या लेव्हलींचं बुडालं ते बुडालं. मग शहाणी पोरं काय करायला लागली? वही घेऊन बसली. हातोड्यानं किती वाढलं, ढालीनं किती, चिलखत दुरुस्तीनं किती, याचे हिशेब. जी स्किलं वापरायची ती मुद्दाम मेजर घ्यायची नाहीत, म्हणजे लेव्हल लवकर वाढणार नाही. ड्रॅगनांच्या देशात जाऊन माणूस कारकून झाला.

दुसरी युक्ती याहून भारी. झोपायचंच नाही. बिछान्याला पाठ लावली नाही तर लेव्हल वाढत नाही. लेव्हल वाढली नाही तर जग गरीब राहतं. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलवर राहून मुख्य कथा संपवणारे लोक आहेत. म्हणजे बघा, चढण्याच्या नावानं विकलेला खेळ, आणि त्यात सगळ्यात सुखी कोण? जो खालीच बसून राहिला तो. वर जाऊ नकोस, वर गेलास की तुझ्यासाठी मोठा राक्षस ठेवलाय. हा सल्ला आम्ही कुठं कुठं ऐकलाय ते सांगत बसत नाही. तुम्हीही ऐकलाय.

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना आणखी एक चोरवाट आहे. एस्केपच्या खालचं बटण दाबलं की पडद्यावर एक पट्टा उघडतो. तिथं प्लेअर डॉट सेटलेव्हल लिहायचं, पुढं हवा तो आकडा टाकायचा. वीसचा पाच करा, जग लगेच पाचाचं समजून वागतं. उलटा पाचाचा वीस केलात तर मात्र नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आकडा चढतो, अंगातला जोर तेवढाच. आमच्या दोस्तानं एका रात्री चिडून पंचवीसचा आठ केला. दुसऱ्या दिवशी परत पंचवीस. म्हणाला, कमावलेलं लपवून फिरायचं मला जमत नाही.

मग राहिली ती पट्टी. सेटिंगमध्ये डिफिकल्टीची एक पट्टी आहे, मध्ये एक खुंटी. खेळ चालू असताना, मारामारीच्या मधेसुद्धा, खुंटी सरकवता येते. सगळी उजवीकडं नेलीत तर शत्रूचा घाव तुम्हाला सहापट बसतो आणि तुमचा घाव त्याला सहावा हिस्सा. सगळी डावीकडं नेलीत तर उलटं. बस. एवढंच आहे. राक्षस शहाणा होत नाही, चोर कपडे बदलत नाही, फक्त गुणाकार-भागाकार. या पट्टीवरून पोरं एकमेकांची इज्जत काढतात!

इथं मला आमच्या दुसऱ्या दोस्ताबद्दल लिहायचंय. हा पॉवर प्रेसवर कामाला होता. डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. ते कारखान्याचं प्रकरण वेगळं, त्यावर इथं लिहीत नाही. कीबोर्डवर चालायची चार बटणं डाव्या हाताची असतात हे खेळणाऱ्याला सांगायला नको. त्यानं बटणं बदलून घेतली, उरलेल्या बोटांना नव्यानं शिकवलं, आणि खुंटी मधल्या रेघेच्या डावीकडं दोन बोटं सरकवली. जी दोन गेली तीच दोन, असं तोच हसत म्हणतो. लॅमिंग्टन रोडवरून जुनं ग्राफिक्स कार्ड आणून मशीन उभं केलं, नाक्यावरची पोरं बघायला आली. त्यातल्या एकाला पट्टी दिसली. 'हे काय, इझीवर खेळतोस? मग खेळलास कशाला?' उचलली जीभ लावली टाळ्याला.

खुंटी मध्ये कोणी ठोकली हा प्रश्न त्या पोराला पडला नाही. मध्य म्हणजे काय? दोन धड हात, बऱ्यापैकी मॉनिटर, न अडखळणारं मशीन, आणि संध्याकाळी चार तास मोकळे असलेला कोणी एक माणूस धरून तो मध्य ठरवलाय. तो माणूस म्हणजे 'नॉर्मल'. आमचं मशीन मारामारीत अडकतं. पडदा पुढं सरकेपर्यंत चार घाव बसलेले असतात. रात्रपाळीवाल्याला आठवड्यात दोन तास मिळतात. या सगळ्यांनी त्या कोणा एकाच्या मध्यावर खेळायचं, आणि नाही जमलं तर मान खाली घालायची? का म्हणून? आमचा मध्य आम्ही ठरवू. पट्टी दिलीच आहे त्यासाठी.

ही लाज काही नाक्यावरच्या पोरानं शोधून काढलेली नाही. ती खेळ बनवणाऱ्यांनीच पेरली. १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी'त सोप्या पायरीचं नावच 'कॅन आय प्ले, डॅडी?' आणि शेजारी नायकाचं तोंड, डोक्यावर बाळाचं टोपडं, तोंडात चोखणी. २००५ च्या 'निंजा गायडन ब्लॅक'मध्ये वरचेवर मेलात की खेळ विचारतो, सोपं करू का? हो म्हणालात तर तुम्ही 'निंजा डॉग'. कुत्रा! पैसे मोजून खेळ घ्यायचा आणि वर कुत्रा म्हणवून घ्यायचं. आणि आमची पोरं हे वाचून हसतात, आणि मग तेच शब्द आपल्याच बोटं तुटलेल्या दोस्ताला फेकून मारतात.

कोणी म्हणेल, अवघडपणात मजा आहे, 'एल्डन रिंग' बघा, २०२२ चा, त्यात पट्टीच नाही, तरी जग वेडं झालं. बरोबर आहे. मला तो खेळ आवडतो. पण त्यात एक गोष्ट नीट बघा. एखाद्या धटिंगणानं अडवलं तर तुम्ही पाठ फिरवून दुसरीकडं जाऊ शकता, लेव्हल वाढवून परत येऊ शकता, आणि तो होता तेवढाच असतो. मदतीला आत्मे बोलावता येतात, दुसऱ्या खेळाडूंना हाक मारता येते. म्हणजे पट्टी आहेच, ती मुलखात पसरून ठेवलीय. ऑब्लिव्हियनमध्ये तुम्ही कितीही लांब जाऊन या, धटिंगण तुमच्याबरोबर वाढून बसलेला. तिथं पट्टीशिवाय तुमच्या हातात आहे काय? शिवाय एल्डन रिंगचा दाखला देणारे आत्मे बोलावणाऱ्यालाही हसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ज्याला हसायचंय त्याला कारण लागत नाही.

लेव्हल ही चीजच मुळात कुठून आली ते आपल्या वाचकांना कळायला हवं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापलं. कागद, पेन्सिल, फासे. आजच्या या सगळ्या खेळांचा बाप तो. त्या पहिल्या नियमांत काय लिहिलं होतं? ड्वॉर्फ म्हणून जन्मलास तर लढवय्या म्हणून सहाव्या लेव्हलच्या वर जायचं नाही. हॉबिट असशील तर चौथी. एल्फ असशील तर लढाईत चौथी, जादूत आठवी. आणि माणूस? माणसाला मर्यादा नाही. कितीही खेळा, कितीही राक्षस मारा, जन्माच्या रकान्यात जे लिहिलंय तिथं छत. १९७८ च्या नियमपुस्तकात बायकांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा खालची मर्यादा घातली. या सगळ्याला बचाव काय, तर खेळाचा तोल राखायचा होता. छत काढलं ते २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. आणि 'रेस' हा शब्द जाऊन त्याजागी दुसरा शब्द आला, जन्माला चिकटवलेल्या बढत्या काढून माणसाच्या पूर्वायुष्याला जोडल्या, तो २०२४ साली. पन्नास वर्षं लागली. ती पण कल्पनेतल्या बुटक्यांसाठी!

म्हणून आकडे हे नुसते आकडे असतात असं मला कोणी सांगू नये. तक्ता कोणीतरी बसून लिहिलेला असतो. ड्वॉर्फपुढं सहा लिहिणारा हात माणसाचाच होता, आणि माणसापुढची जागा त्यानं मोकळी सोडली. ऑब्लिव्हियननं छत ठेवलं नाही हे खरं, पण दहा वंश ठेवले, प्रत्येकाचे सुरुवातीचे आकडे वेगळे, बाईचे वेगळे आणि पुरुषाचे वेगळे. आणि चढणाऱ्याच्या पायाखाली असं सरकतं जग दिलं की छताची गरजच उरली नाही.

खेळणाऱ्यांनी हे मुकाट्यानं सोसलं असं मात्र नाही, आणि ही गोष्ट आनंदानं लिहावी अशी आहे. २००६ मध्येच एकानं 'ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल' नावाचा बदलसंच करून फुकट वाटला. त्यात पुष्कळसं जग जागेवर पक्कं केलं. अवघड गुहा पहिल्यापासून अवघड, सोपी सोपी. मेलात तर मेलात, पण परत आलात तर ती तुम्हाला ओळखेल. कंपनीनंही धडा घेतला. २००८ च्या 'फॉलआउट थ्री'मध्ये आणि २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये जागांना खालची-वरची मर्यादा आली. एकदा पाऊल टाकलं की त्या जागेची लेव्हल तिथंच ठरते. बोंबललं म्हणून बदललं.

आणि २२ एप्रिल २०२५ ला ऑब्लिव्हियन नव्या रंगरूपात परत आला. वहीखातं गेलं: दर लेव्हलला बारा पॉइंट हातात, तीन गुणांत वाटून टाका. मायनर स्किलं वाढली तरी मोजली जातात. हे चांगलं केलं. पण जग तुमच्याबरोबर वाढणं राहिलंच, काचेतला वाटमाऱ्याही राहिला. आणि पट्टी गेली. तिच्याजागी आला तेव्हा पाच पायऱ्या होत्या. तिसरीवर शत्रू फुंकरीनं पडतो आणि चौथीवर तुम्ही पडता, अशी जगभर ओरड झाली. मधे खुंटी ठेवायला तेव्हा जागाच नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी जी साधी सरकती पट्टी होती तिच्यात हव्या तेवढ्या जागा होत्या. दोन बोटं डावीकडं, ही सुद्धा एक जागा होती.

आमचा बोटांवाला दोस्त म्हणून जुनाच खेळतोय. परवा त्यानं नवा डाव मांडला. सुरुवात तुरुंगात होते, बादशहा तुमच्याच कोठडीतून पळवाट काढतो, त्याच्या मागोमाग तुम्ही गटारात. गटाराच्या तोंडाशी जाळीचं दार. तिथं खेळ थांबून विचारतो, बाहेर पडायच्या आधी काही बदलायचंय? नाव, वंश, जन्मनक्षत्र, धंदा, सगळं बदलता येतं. फक्त त्या एका दारात. तो बराच वेळ तिथं थांबला होता. आम्ही मागून कालवा करत होतो, ऑर्क घे, नॉर्ड घे. त्यानं सगळं होतं तसंच ठेवलं आणि बाहेर पडला.

थोड्या दिवसांनी सडकेवर वाटमाऱ्या आला. अजून लेव्हल कमी, म्हणून भिकार चिलखतातला. शंभर नाणी मागितली. दोस्तानं दिली नाहीत. खुंटी दोन बोटं डावीकडंच होती. वाटमाऱ्याचं चिलखत काढून गावात नेलं, दुकानदारानं भाव पाडून घेतलं. प्रत्येक दुकानदाराच्या गल्ल्याला ठरलेली मर्यादा असते, माल कितीही चांगला आणा त्याहून जास्त तो देत नाही. त्या दुकानदारीवर पुढच्या अंकात कोणीतरी लिहा.